खिंडीपलीकडची चंद्रभागा

खिंड हा शब्द नुसता उच्चारला तरी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बाजीप्रभू उभा राहतो. १६६० सालची ती पावसाळी रात्र, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी चिखलाची वाट, हे सारे आपण शाळेत इतक्या वेळा ऐकलेले असते की खिंड म्हणजे अडवून धरायची जागा, असाच अर्थ मनात पक्का बसून जातो. हिमालयात गेले म्हणजे हा अर्थ उलटा करावा लागतो. तिथे खिंड ही ओलांडायची जागा. तीही वर्षातून चारदोन महिनेच, बर्फाने परवानगी दिली तर.

श्रोतेहो, मी राहणारा करकंबचा. पंढरपूर तालुक्यातले हे गाव, सपाट मुलखातले. समुद्रसपाटीपासून दीडएक हजार फूट उंच असले, तरी ती उंची कुणाला जाणवत नाही. गावात उंच म्हणून दाखवायचे तर देवळाचे शिखर आणि पाण्याची टाकी. अशा गावच्या माणसाने हिमालयातल्या खिंडींवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. पण मी भूगोल शिकवतो आणि भूगोल शिकवणाऱ्याला कधी तरी नकाशावरच्या रेघेवरून स्वतःच्या पायांनी चालून पाहावेसे वाटतेच.

डोंगराची धार सगळीकडे सारखी उंच नसते. जिथे ती जरा खचलेली असते तिथून माणसे, मेंढरे, मीठ, लोकर, धर्म आणि कधी कधी फौजा पलीकडे जातात. आपल्या सह्याद्रीतला नाणेघाट असाच. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल सातवाहनांच्या काळी त्या वाटेने जुन्नरकडे चढत असे, आणि घाटमाथ्यावरच्या गुहेतला शिलालेख आजही तिथे आहे. हिमालयात अशा वाटांना मुलखामुलखात वेगळी नावे आहेत. तिबेटी भाषेत ‘ला’, म्हणून नथू ला, बारालाचा ला. कुमाऊंमध्ये ‘धुरा’. गढवालात ‘खाल’. गंगोत्रीहून बदरीनाथकडे नेणारी कालिंदी खाल तर एकोणीस हजार फुटांच्याही वर आहे. कुलू-चंब्याकडचे गद्दी मेंढपाळ म्हणतात ‘जोत’. नाव कोणतेही घ्या, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खिंड हा त्या रांगेतला सर्वांत सखल भाग खरा, पण तो सखल भागसुद्धा आपल्या कळसूबाईच्या दुप्पट-तिप्पट उंच असतो.

या वाटांवर आपल्या बाजूची माणसे फार पूर्वीपासून गेलेली आहेत. १६२४ साली अंतोनियो द आंद्राद नावाचा एक पोर्तुगीज पाद्री आग्र्याहून निघाला. हिंदुस्थानातली त्याची पहिली वर्षे गोव्यात गेलेली होती. बदरीनाथच्या यात्रेकरूंच्या मेळ्यात मिसळून तो वर गेला आणि तिथून पुढे अठरा हजार फुटांवरची माणा खिंड ओलांडून तिबेटात छापरंगला पोचला. बर्फाने त्याचे पाय बधिर झाले, डोळे दिपून दिसेनासे झाले. वर माणसे का मरतात, याचे कारण तिथल्या लोकांनी त्याला सांगितले की जमिनीतून विषारी वाफा निघतात. पुढे १६३४ साली तो गोव्यातच वारला. विषारी वाफांची ती कल्पना चुकीची होती, पण माणसे मरतात हे निरीक्षण खरे होते. त्याकडे मी पुढे येतोच.

त्यानंतरचे एक नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१२ साली स्वामी आनंदांच्या संगतीने हिमालयात शेकडो मैल पायी हिंडले. त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी लिहिले ते मात्र गुजरातीत. मराठी माणसाने पाय झिजवावेत आणि त्याचे फळ आधी शेजाऱ्याने चाखावे, असेही होते. असो.

आता हामट्याच्या जोतीविषयी. हिमाचल प्रदेशात मनालीजवळ ही खिंड आहे, उंची ४,२७० मीटर, म्हणजे चौदा हजार फूट. हिमालयाच्या हिशेबात ती मोठी नाही. नवशिक्यांची खिंड म्हणतात तिला. पण तिच्याइतका भूगोल एका दिवसात शिकवणारी दुसरी जागा मी पाहिलेली नाही. जोब्र्यापर्यंत मोटार जाते. तिथून चिका, चिक्याहून ‘बालू का घेरा’, तिथून खिंड, पलीकडे शियागोरू आणि मग छत्रू, असे मुक्काम. मनालीच्या बाजूने चढताना देवदार आहेत, भूर्जाची झाडे आहेत, गवत गुडघ्याएवढे आहे, जिकडेतिकडे पाणी खळखळते आहे. वाटावे, पावसाळ्यात महाबळेश्वराकडून प्रतापगडाकडे उतरतो आहोत. आणि खिंडीच्या माथ्यावर उभे राहून पलीकडे पाहिले की हिरवा रंग कुणी पुसून टाकल्यासारखा नाहीसा होतो. तपकिरी, करडे, पिवळे डोंगर. एक झाड नाही. आमच्यातला सांगोल्याकडचा एक जण तिथे उभा राहून पहिले वाक्य बोलला ते असे: “सर, एवढं लांब येऊन हे तर आपलंच निघालं!”

त्याचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. समुद्राकडून येणारे ढग डोंगराला अडतात, अलीकडे रिकामे होतात आणि पलीकडे कोरडा वारा जातो. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि आम्हां सोलापूरकरांच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्सा. कुलू आणि लाहूल यांचे नाते असेच आहे, आणि त्या दोहोंमधली भिंत म्हणजे ही पीर पंजाल रांग.

जोत कुणी शोधली? गिर्यारोहकांनी नव्हे, मेंढरांनी. मेंढीला पाऊस सोसत नाही. तिचे खूर कुजतात, लोकर भिजून जड होते. म्हणून गद्दी मेंढपाळ पावसाळ्याच्या तोंडाशी कळप घेऊन जोत ओलांडतात, लाहूलच्या कोरड्या कुरणांवर उन्हाळा-पावसाळा काढतात आणि थंडी पडू लागली की परत खाली येतात. आता आपला धनगर पाहा. तो पावसाळा आपल्या माळावर काढतो आणि दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात जातो, तिथल्या शेतात मेंढरे बसवतो, आणि मृगाच्या आत घाट चढून परत येतो. हजार मैलांचे अंतर, भाषा वेगळी, देव वेगळे, आणि मेंढीने दोघांनाही एकच धडा शिकवला! बालूच्या घेऱ्यावर एक म्हातारा गद्दी भेटला. मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत आमच्या धनगरांचे हे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “तिकडे बिबट्या आहे का?” आहे म्हटल्यावर त्याची खात्री पटली की आमची मेंढरे खरी आहेत.

आम्ही गेलो ते २०२२ सालच्या जूनअखेर. करोनामुळे दोन वर्षे पायी वारी नव्हती, ती त्या वर्षी पुन्हा सुरू झाली होती, आणि पालख्या वाटेत होत्या. अशा वेळी पंढरपूर तालुक्यातल्या माणसाने उत्तरेकडे तोंड करून निघावे, हे गावात अनेकांना रुचले नाही. पण आमच्याजवळ एक उत्तर होते. हामटा उतरून छत्रूला गेले की जी नदी लागते तिचे नाव चंद्रा. ती बारालाचा खिंडीच्या परिसरातून निघते. त्याच खिंडीच्या दुसऱ्या अंगाने भागा निघते. दोघी डोंगराला वळसा घालून तांदी नावाच्या गावापाशी एकमेकींना मिळतात, आणि तिथून पुढे तिचे नाव चंद्रभागा. पंजाबात तिलाच चिनाब म्हणतात. आमच्या भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात ते ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून, आणि इथे खरोखरीच एक चंद्रा आणि एक भागा आहे.

आमच्यात माझा एक जुना विद्यार्थी होता. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी, वय सत्तावीस, रोज पहाटे पाच मैल पळणारा. त्याच्या आजीने कित्येक वर्षे एक वारी चुकवली नव्हती. निघताना तिने पितळेचा एक लहान गडू त्याच्या हाती दिला आणि मला म्हणाली, “मास्तर, हितलं पानी तिकडच्या चंदरभागंत वता, आन् तिकडचं थोडं घिऊन या.” गडूत भीमेचे पाणी, तोंडाला फडके आणि वरून मेण. हा गडू त्याने पाठीवरच्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध ठेवला होता.

बालूच्या घेऱ्यावर, म्हणजे सुमारे बारा हजार फुटांवर, रात्री त्याचे डोके दुखू लागले. जेवण गेले नाही. त्या उंचीवर भूक मरतेच. आमच्या शेंगाचटणीने आणि कडक भाकरीने बाकीच्यांच्या जिभेला जाग आणली होती, पण त्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. मग दोन उलट्या झाल्या. दोन वाजता तो तंबूबाहेर आला तो झोकांड्या खात.

इथे थोडे शास्त्र सांगतो, कारण यावर जीव अवलंबून असतो. पुष्कळांना वाटते की उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी होते. तसे नाही. शंभरात एकवीस भाग प्राणवायू, हे प्रमाण खालीवर सारखेच. कमी होतो तो हवेचा दाब. चौदा हजार फुटांवर तो समुद्रकाठच्या साठ टक्क्यांवर येतो. म्हणजे तुम्ही छाती भरून श्वास घेतलात तरी पदरात पडतो तीनपंचमांश. शरीर याची सवय करून घेते. श्वास वाढतो, रक्त बदलते, पण त्याला दिवस लागतात. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची दीडएक हजार फुटांहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. सवय व्हायच्या आत वर गेले तर डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. तेवढ्यावर थांबले तर विश्रांतीने भागते. पण डोक्यात सूज आली तर माणसाचा तोल जातो, आणि फुप्फुसात पाणी झाले तर पडल्यापडल्या धाप लागते. मग औषध एकच, खाली उतरणे. सकाळची वाट पाहायची नाही.

आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी की हे दुखणे धट्टाकट्टा माणूस पाहून मागे सरत नाही. रोज पाच मैल पळणाऱ्याला होते, आणि माझ्यासारख्या पंचेचाळिशीच्या, सावकाश चालणाऱ्या मास्तराला होत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या म्हाताऱ्या मी दर वर्षी पाहतो. त्यांचे पाय हिमालयात कुठेही कमी पडणार नाहीत. पण वर परीक्षा पायांची नसतेच.

आमचा वाटाड्या कुलूकडचा, तिशीतला, थोडके बोलणारा. त्याने बोटाला लावायचे ते यंत्र लावून आकडा पाहिला. करोनाच्या दिवसांत आपल्या सर्वांच्या ओळखीचे झालेले तेच यंत्र. त्यावर तो काही बोलला नाही. जमिनीवर काठीने एक सरळ रेघ ओढली, आणि टाचेला अंगठा लावत तिच्यावरून चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला आमचा गडी कोलमडला. “ये नीचे जाएगा. अभी.” इतकेच. विद्यार्थी म्हणाला, “सर, थोडंच दुखतंय. सकाळपर्यंत ठीक होईन. मला पुढं नेलं पाहिजे.” त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते दुखण्याचे नव्हते. मी त्याला म्हटले, “गडू माझ्याकडे दे, मी ओततो.” त्याने मान हलवली. गडू दिला नाही. वाटाड्याचा मदतनीस आणि खेचरवाला अशा दोघांनी त्याला मधे घेतले आणि कंदिलाच्या उजेडात ते तिघे उतरू लागले.

आम्ही पुढे निघालो ते साडेतीनला. खिंड पहाटे गाठायची असते, आणि त्याला कारणे आहेत. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट असतो, पाऊल रुतत नाही. दुपारी तो मऊ होतो आणि माणूस मांडीपर्यंत आत जातो. शिवाय दुपारनंतर ढग चढतात. ओढ्यांचेही तसेच. सकाळी पाणी थोडे, कारण वरचे बर्फ अजून वितळू लागलेले नसते. शियागोरूला जो ओढा पायी ओलांडावा लागतो त्यात सकाळी पाय घातला की पायाला वेदना होते आणि मग पायच नाहीसा होतो. पण तोच ओढा दुपारी माणूस ओढून नेऊ शकतो. म्हणजे वेळापत्रक ऊन ठरवते, आपण नाही.

या वेळापत्रकाकडे पाठ फिरवल्याने, किंवा नुसते आभाळ फिरल्याने काय होते याची उदाहरणे ताजी आहेत. २०१४ सालच्या ऑक्टोबरात विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर हुदहुद वादळ आले. त्याचे उरलेसुरले ढग नेपाळपर्यंत गेले आणि थोरांग ला या सतरा हजार फुटांवरच्या खिंडीत दोन दिवसांत असा बर्फ पडला की चाळिसांहून अधिक माणसे गेली. आंध्रच्या समुद्रावरचे वादळ हिमालयात माणसे मारते, हे कुणाला सांगून खरे वाटेल? आणि २०२४ सालच्या जूनमध्ये उत्तरकाशीकडच्या सहस्रताल वाटेवर कर्नाटकातल्या नऊ जणांचा हिमवादळात थंडीने अंत झाला. ते आपले शेजारी. आपल्यासारखेच उन्हाच्या मुलखातले, आणि जून म्हणजे उन्हाळा असे मानणारे.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. सोलापुरी चादरीचा आम्हांला फार अभिमान आहे, पण ती वर नेऊ नये. सुती कापड एकदा भिजले की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरते. गद्दी मेंढपाळाच्या अंगावर जाड लोकरी चोळा आणि कमरेला लोकरीच्याच दोराचे वेढेच्या वेढे असतात ते उगाच नव्हेत.

छत्रूला उतरलो तेव्हा चंद्रा समोर होती, राखाडी, जोरकस, दगड लोटत नेणारी. तिथून दुसऱ्या दिवशी जीपगाडीने तांदीला निघालो. आता मनालीहून तांदीला यायला खिंड चढावीच लागत नाही. रोहतांग खिंडीच्या पोटातून नऊ किलोमीटर लांबीचा बोगदा काढला आहे, तो ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. रोहतांग या नावाचा अर्थ प्रेतांचा ढीग असा सांगतात. इतकी माणसे त्या खिंडीत गेलेली. लाहूलची गावे पूर्वी हिवाळ्यात सहासहा महिने जगापासून तुटत. आजारी माणसाला खाली न्यायचे तर हेलिकॉप्टरची वाट पाहायची. आता मोटार दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जाते. पायी चालणाऱ्या हौशी मंडळींनी या बोगद्याला नाके मुरडलेली मी ऐकली आहेत. ज्यांना हिवाळ्यात तिथे बाळंत व्हायचे नाही, त्यांना नाके मुरडणे सोपे आहे.

तांदीच्या संगमावर आमच्या आधी कुणीतरी येऊन बसलेले होते. जवळ गेल्यावर ओळखले. जोब्र्याला पोचेपर्यंतच त्याचे डोके निम्मे उतरले होते. मनालीला डॉक्टरने तपासले, एक दिवस निजवून ठेवले, आणि तांदी मनालीपेक्षा फार उंच नाही म्हणून जायला हरकत घेतली नाही. बोगद्यातून येऊन तो तासभर आमची वाट पाहत बसला होता. “अलीकडं हिरवं होतं सर, बोगद्यातनं बाहेर आलो तर सगळं सांगोला!” तो म्हणाला. जे पाहायला आम्ही चार दिवस चाललो, ते त्याने दहा मिनिटांत पाहिले होते. पण दृष्टी शाबूत होती म्हणून दिसले. गाडीतले बाकीचे उतारू त्या वेळी मोबाइलमध्ये डोके घालून बसले होते, असे त्यानेच सांगितले.

मेण फोडून त्याने भीमेचे पाणी संगमात ओतले आणि तिथले भरून घेतले. लाहूलचे लोक हिंदू असोत की बौद्ध, त्या जागेला पवित्र मानतात. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने गडू पाहून कुठून आलात विचारले. आम्ही म्हटले, चंद्रभागेकाठून. ती हसली. तिला वाटले, आम्ही जवळपासचेच कुणी.

पंढरपूरला परतलो तेव्हा एकादशी होऊन गेली होती. आजीने गडू देव्हाऱ्यात ठेवला. आठवड्याने मी गेलो तर तिने मला बोलावून गडू वाकडा करून दाखवला. वरचे पाणी निवळशंख झाले होते आणि तळाशी राखाडी गाळ बसला होता, पिठासारखा. “मास्तर, हे काय हो?” मी सांगितले, तिकडे बर्फाच्या नद्या आहेत, त्या इतक्या जड असतात की सरकता सरकता खालचा दगड दळून काढतात, हे त्या दगडाचे पीठ. तिने बोट बुडवून ते चिमटीत घेतले, अंगठ्याने चोळून पाहिले. आयुष्यभर जात्यावर बसलेली बाई.

“लई बारीक दळलंय,” ती म्हणाली.